भीतीचं हसू

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज शेजारची मुलगी जिन्यावरून पडली, हात मोडला आणि ती हसतच सुटली. तिची आई म्हणाली, "दात काय काढतेस गं?" मला माझीच किळस आली.

अग्निशमन केंद्रात मी फोन घ्यायचो. समोरचा कसाही बोलो, आधी पत्ता विचारायचा, हा तिथला पहिला धडा. एकदा एक बाई हसत हसत "आग, आग" म्हणाली. खोटे फोन रोजचेच. "बाई, थट्टा पुरे," म्हणत मी फोन आपटला. भीती हसतेही, हे मला माहीत नव्हतं. तिच्या शेजाऱ्याचा फोन आल्यावर बंब गेला, तोवर तिचा नवरा भाजून मेला होता.

पुढे ती बाई, तिच्या मुलाला त्या आगीतून वाचवणाऱ्या जवानांचे आभार मानायला केंद्रात आली. "तो फोन मीच आपटला, माफ करा," एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, "पाणी देऊ?"