चिंचेनं घासलेला आरसा

जानेवारीतला रविवार, सकाळचे नऊ. पुंडलिकनगरातल्या आमच्या गच्चीवर हजर: बाबा, मी आणि बाबांच्या दुर्बिणीचा आठ इंची आरसा. आई खालीच.

बाबांनी धुवायला काढून ठेवलेल्या आरशावर तिला डाग दिसले. संक्रांतीच्या पितळी भांड्यांबरोबर तिनं तोही चिंच-मीठ लावून घासला. भांडी उजळली, आरशाचा चकचकीत थर जागोजागी उडाला. थर पुन्हा चढवता येतो. पण घासताना धुळीनं खालच्या काचेवर चरे पडले असतील, तर संपलं. ती काच बाबांनी निवृत्तीच्या वर्षी आठ महिने हातानं घासून घडवली होती. आता त्यांचा खांदा साथ देत नाही.

मी कामं क्रमानं लिहून आणली होती. अंगठ्या, बांगड्या काढणं. टबात टॉवेल अंथरणं, म्हणजे आरसा निसटला तरी टवका उडणार नाही. आधी नुसती पाण्याची धार, मग साबणाच्या पाण्यात कापसाचा बोळा, तोही न दाबता. मग हातमोजे, चष्मे, वाऱ्याकडं पाठ, आणि उरलेला थर विरघळवणारं रसायन.

शेवटचं पाणी निथळलं. बाबांनी काच उन्हात तिरकी धरली, मी खालून हात दिला.

"तूच बघ. तुझे डोळे बरे आहेत."

मी दोनदा बघितलं. "एकही चरा नाही, बाबा."

त्यांनी कठड्यावरून हाक मारली, "अगं, वर ये!"

आई आली. काच बघून माझ्याकडं वळली. "यांना विचार, होता तेवढाबी आरसा कुठं घालवला?"

"तो काढायचाच होता," बाबा म्हणाले. "काच शाबूत आहे."

"मी लई जोरानं घासलं होतं."

"व्हय. कढई समजून."

ती हसली नाही. मग थेट त्यांनाच म्हणाली, "म्हणून काल जेवला नाहीत?"

"भीती वाटत होती."

"मलाबी." आणि काचेवरचा थेंब टिपायला तिनं पदर पुढं केला.

"नाय!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. तिनं हात मागं घेतले, आणि मग मात्र तिघंही हसलो.

काच वाळल्यावर आईनं पोळ्यांचा मोठा डबा रिकामा करून दिला. मऊ कागदात गुंडाळलेली काच त्यात बरोबर बसली. नवा थर पुण्यात चढवून मिळतो. तिथं फोन करून तारीख घ्यायची अजून राहिली आहे.