खंडेनवमीची सुट्टी आणि मॅडमच्या पेशी

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. माझ्या हातून एकदा मोठा घोळ झाला.

मी शेवाळे. अंबडच्या कारखान्यांत वीस वर्षं फिटर होतो. आता तिथल्याच एका छोट्या प्रयोगशाळेत मशीनची देखभाल बघतो. आमच्या मृणाल मॅडम तिथे माणसाच्या पेशी वाढवतात. साध्यासुध्या नव्हे, घडवलेल्या! पेशीत कायनेज नावाची प्रथिनं असतात म्हणे. पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे ती ठरवतात. कर्करोगात एखादं कायनेज बिघडतं आणि पेशी वाढतच सुटतात. मॅडमनी तोच बिघाड मुद्दाम पेशींत घातला होता, कुठलं औषध त्याला आवरतं ते बघायला. वर्ष गेलं त्यात!

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मॅडम दसऱ्यासाठी पुण्याला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "काका, पेशींना औषध दिलंय. दसरा झाला की येऊन बघते. तोवर इनक्युबेटरचं दार उघडू नका हं."

इनक्युबेटर म्हणजे पेशींचं उबदार कपाट. दार मी उघडलं नाही. शपथ घेऊन सांगतो!

पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अंबडमध्ये त्या दिवशी मशीन चालवतात का कधी? वर्षभर राबतं बिचारं, एक दिवस विश्रांती नको? मी प्रत्येक मशीनचं बटण बंद केलं. कपाटाने कुईंकुईं केलं, तर त्यालाही "आज सुट्टी रे बाबा" म्हणून गप्प केलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, घरी आलो.

पुरणपोळीचा पहिला घास तोंडात, आणि एकदम आठवलं. मशीनला सुट्टी, पण आतल्या पेशींना?

"काय वो, ताटावरून का उठले?" बायको म्हणाली. ती सायखेड्याची, तिचा आवाज गल्लीभर जातो.

"अगं, माणसाच्या पेशी गारठून मेल्या असतील!"

"कोन्या माणसाच्या?"

"मला काय माहीत!"

"मंग त्याच्या घरच्यांना कळलं म्हंजे?"

हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! स्कूटर कशी हाणली, देव जाणे. कपाटाच्या थर्मामीटरवर सदतीसच्या जागी आकडा अठ्ठावीस! चार तास बंद होतं कपाट. बटण दाबलं, माळ काढली, कुंकू पुसलं. पुरावा नष्ट करताना चोराला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

दसऱ्याला सोनं वाटतानाही डोक्यात त्या पेशीच. बायको दर तासाला विचारी, "पोलीस येतेन का वो?" नोकरी तर गेलीच, असं मी धरून चाललो होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी दाराआड उभा. आणि त्या ओरडल्या, "सगळ्या मेल्या! एकसुद्धा उरली नाही!"

संपलं! मी धावत जाऊन हात जोडले. "मॅडम, मीच मारल्या! खंडेनवमी होती, मी कपाट बंद केलं, चार तास! पाहिजे तर नोकरीवरून काढा, पण पोलीस नको!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, त्या मरायलाच हव्या होत्या. औषध लागू पडलं म्हणून ओरडले मी. आनंदाने!"

माझा जीव भांड्यात पडतोय, तोच त्यांचा चेहरा उतरला. "थांबा. काय बंद केलं म्हणालात?"

त्याच कपाटात, शेजारच्या ताटलीत तशाच, पण बिनऔषधाच्या पेशी होत्या. मॅडमनी ती बघायला घेतली आणि मी डोळे मिटून उभा राहिलो.

"या तर छान जिवंत आहेत. म्हणजे थंडीने काहीच झालेलं नाही."

"मग सुटलो ना मी?"

"तुम्ही सुटलात हो! पण कपाट बंद होतं हे आता मला कळलंय, म्हणजे नोंदवहीत लिहावं लागणार. आणि लिहिलं की हा निकाल कोण मानेल? औषधाला थंडीची मदत झाली नसेल कशावरून, असंच म्हणतील. सगळं पहिल्यापासून करायचं!" त्या डोकं धरून बसल्या.

आता तुम्हीच सांगा. मशीन चार तास बंद ठेवून जे वाटोळं झालं नव्हतं, ते मी मिनिटभर तोंड चालू ठेवून केलं!