राखेचा राब

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी टोकावड्याला थांबली आणि मी घाईघाईने उतरलो. खरं तर उतरायचं होतं पुढे वैशाखऱ्याला. कंडक्टर दुसऱ्याच कोणावर ओरडला आणि मी ते अंगाला लावून घेतलं. बस गेली. मग काय, पिशवी खांद्याला अडकवली आणि वैशाखातल्या उन्हात स्वतःला शिव्या घालत चालू लागलो.

चार वर्षांपूर्वी याच रस्त्यावर आमची बस बंद पडली होती. तेव्हा गोविंदा आणि हिराबाई या शेतकरी जोडप्याने मला घरी नेऊन नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी खाऊ घातली होती. त्यांचं राब भाजणं चाललं होतं. राब म्हणजे भाताचं रोप वाढवायचा जमिनीचा तुकडा. पावसाआधी त्याच्यावर शेण, पालापाचोळा आणि टहाळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या) पसरून तो जाळतात. "राख नीट बसली ना, का रोप कसं हसतं बघा," असं हिराबाई म्हणाली होती. तो वास माझ्या नाकातून गेला नव्हता. म्हणून यंदा आधी कार्ड टाकून कळवलं आणि निघालो.

गावाच्या कडेला एक करडं, सपाट मैदान दिसलं. आडवं कापून जावं म्हणून पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत आत गेलो. चपलेचा अंगठा तुटला. तोंडात कडवट भुकटी गेली.

"ओ दादा, तिथून नको! बांधावरून या!" लांबून गोविंदा ओरडला.

तो आणि हिराबाई फावड्याने ती भुकटी खरवडून घमेल्यात भरत होते. मी ज्याला मैदान समजलो, तो त्यांचा राब होता.

"दगडी कोळशाची राख हाय," माझी चप्पल सुतळीने बांधून देत गोविंदा सांगू लागला. "कारखान्याच्या बॉयलरची. गेल्या साली डंपरवाला आला. म्हनला, फुकट हाय, शेताला चांगली. आमी म्हटलं, राख ती राख."

"मीच म्हनलं, घे," हिराबाई खाली बघत म्हणाली. "वरसाला डोंगरातून टहाळाचे भारे वाहून मान मोडते. वाटलं, देवच पावला."

मला विचारलं असतं तर मीही 'घ्या' म्हणालो असतो. इतकी झाडं वाचतात म्हणून वर चार कौतुकाचे शब्दही बोललो असतो.

गेल्या पावसाळ्यात रोप बोटभर वर आलं आणि पिवळं पडून बसलं. पावसाने राख उताराने खालच्या विहिरीत नेली. आता यंदाच्या पावसाआधी राब साफ झाला नाही, तर औंदाही भात नाही. तीन आठवडे दोघं खरवडत होती. माळावर नेऊन टाकलेली राख संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर परत येत होती. मीही दहा-बारा घमेली उचलली. मागे वळून पाहिलं तर काहीच कमी झालेलं दिसेना.

"ज्यांनी टाकली त्यांना उचलायला सांगा ना," मी चिडून म्हणालो.

गोविंदाने घरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद आणला. 'शेतकऱ्याच्या मागणीवरून राख देण्यात आली,' असं त्यावर छापलेलं होतं. खाली त्याचा अंगठा. तक्रार घेऊन तो कचेरीत गेला, तेव्हा हाच कागद त्याला वाचून दाखवला होता.

"अंगठा माझाच हाय, दादा. खोटं कसं बोलू?"

हिराबाईने चहा दिला, तो प्यालो. निघताना तिने विहिरीचं पाणी भरलेली बाटली माझ्या हातात ठेवली.

"शहरात कोनाला तरी दाखवा. पिऊ का नको, येवढंच इचारा."

बाटलीच्या तळाशी करडा थर बसत होता. मला मघाचा चहा आठवला. माझं तोंड बघून ती हसली.

"भिऊ नका. चहाचं पानी डोंगरातल्या झऱ्याचं. तुमी येनार म्हनून सकाळी आनलं."

"आणि तुम्ही?"

"आमी हेच पितो. दिसभर राख उचलायची, रोज दोन टेकाडं कोन चढंल?"

परतीच्या बसमध्ये बाटली मांडीवर धरून बसलो. मला त्या डंपरवाल्याचा राग आला, कागद छापणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या झऱ्याच्या चहाची लाज वाटली.

ओळखीच्या एकाने प्रयोगशाळेत पाणी तपासून दिलं. पिऊ नका, असं त्याने सांगितलं. मी तसं कळवलं. अर्जांचे मसुदे करून पाठवले, दोन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे तो अंगठा आडवा आला.

श्रावणात गोविंदाने कोणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. राब पुरा साफ झाला नाही, रोप पुन्हा पिवळं पडून बसलं, पाणी तेच पितो. खाली हिराबाईने एक ओळ घालायला लावली होती: 'यायच्या आधी कळवा, म्हंजे तुमच्यापुरतं झऱ्याचं पानी आनून ठेवीन.'

त्यानंतर मी त्यांना कार्ड टाकलेलं नाही.