तीन मंडळ्या आणि एक नियमावली

उभी नोकरी शाळेत काढली. पोरांनी रोज एक नवा तमाशा केला, पण तिथे जमले नाहीत तेवढे किस्से मला एका नियमावलीनं दिले. आता कुणी घरी आलं की चहाचं आधण ठेवायच्या आधीच मी सुरू होते. आमचे हे म्हणतात, "पाहुण्याले आधी बसू तर दे." पण साठलेलं बाहेर पडल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर येत नाही.

तर झालं असं. अमडापुरात आमचं जुन्या मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं चर्च. इमारत ऐसपैस, माणसं मोजकी. कॅथलिकांची घरं बऱ्यापैकी, पण त्यांना गावात उपासनेला जागाच नाही. आणि सुनील पास्टरची पेंटेकॉस्टल मंडळी भरायची मंगल कार्यालयात. लग्नाची तारीख निघाली की ढोलक, पेटी उचलून बाहेर! म्हणून ठरलं की तिघांनी मिळून एकच चर्च वापरायचं. हे ठरायला एक संध्याकाळ लागली. कागदावर उतरवायला दोन पावसाळे गेले.

लिहायचं कुणी? "बाईचं अक्षर चांगलं हाय," एवढं म्हणून सगळे मोकळे झाले.

मला मात्र खरोखर घाई होती. मी जुन्या मिशनची, आणि आमचे हे, फ्रान्सिस, कॅथलिक. लग्न झाल्यापासून दर रविवारी मी चालत चर्चला आणि हे एसटीनं, चिखलीला गाडी बदलून, बुलढाण्याला मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला. मग गुडघे गेले आणि यांना एसटीची पायरी चढवेना. तरी रविवारी सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दारात खुर्ची टाकून बसायचे. "चला आमच्याकडे," म्हटलं तर म्हणायचे, "तुमच्यात मी पाहुणा." मला ते बघवत नसे. बुलढाण्याच्या फादरनी सांगितलं होतं, तिन्ही मंडळ्यांच्या सह्या झाल्या की दर रविवारी अमडापूरला मिस्सा होईल. त्यामुळे मी मीटिंगहून घरी आले की यांचा एकच प्रश्न असायचा.

"झालं काय?"

*

सुरुवात करायला नमुना हवा होता. माझ्या पुण्याच्या भाच्यानं विलायतेतल्या कुठल्याशा सामायिक चर्चची नियमावली मिळवली, कॉम्प्युटरकडून तिचं मराठी करून घेतलं आणि पाठवून दिली. मीही न तपासता मीटिंगमध्ये वाचायला घेतली. चौथ्याच पानावर आलं, "पायऱ्यांवर बर्फ साचल्यास तो कोणत्या मंडळीने काढावा."

मी म्हटलं, हे खोडते.

"थांबा बाई," सुनील पास्टर म्हणाला. हा माझाच विद्यार्थी, सहावीत दोन वर्षं होता. "खोडू नका. बर्फ नाही पडत, पण गारा पडतात ना."

झालं! गारा कुणी काढायच्या यावर चर्चा सुरू झाली. कॅथलिकांचे आंतोनभाऊ म्हणाले, ज्या मंडळीची वेळ चालू असेल तिनं. आमचे डॅनियलकाका म्हणाले, गारा घड्याळ पाहून पडत नाहीत. आंतोनभाऊंचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान, त्यांना गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून ती मीटिंग संपली. गारांचं कलम मंजूर झालं आणि ते आजही त्या नियमावलीत आहे. तेव्हापासून एकदाही गार पडलेली नाही.

*

खरी लढाई झाली ती वेळेवरून. तिन्ही मंडळ्यांना सकाळचे नऊच हवे होते. आठ वाजेपर्यंत म्हशीचं धारपाणी उरकत नाही, दहाला ऊन चढतं आणि अकराला भूक लागते. सगळी कारणं खरी होती, म्हणूनच कुणी हटेना.

शेवटी पंच म्हणून चर्चच्या शेजारचे गजाननभाऊ बोलावले. वांगी-टोमॅटो लावणारा माणूस, हिंदू, तिघांच्याही घरी भाजी देणारा. ते घटकाभर ऐकत बसले आणि म्हणाले, "मले एक सांगा. तुमचा देव एकच हाय ना? मंग घड्याळं तीन काऊन?"

मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. पण या प्रश्नाला तिघांनीही उत्तर दिलं, आणि तेही एकदमच. गजाननभाऊंनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हाताला धरून बसवलं. सुटले तेव्हा मला म्हणाले, "बाई, माहे टमाटे सडून गेले असते तरी चाललं असतं, पण पुन्हा मले बोलावू नका."

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. पहिली वेळ आम्हा जुन्या मिशनवाल्यांची, मधली कॅथलिकांची, शेवटची सुनील पास्टरची. डॅनियलकाकांनी लगेच एक कलम घालायला लावलं, "आधीच्या मंडळीने पुढच्या मंडळीसाठी पंधरा मिनिटे अगोदर जागा रिकामी करावी." मी म्हटलं, काका, हे कलमात कशाला, एवढं तर माणसाला कळतं.

"लेहा," काका म्हणाले. "माणसाले कळत असतं तं तुम्हाले कायले बसवलं असतं इथं?"

*

एकदा विषय निघाला की पुढेमागे पटलं नाही आणि वेगळं व्हायची वेळ आली तर काय. कायद्यानं तसं कलम लागतं म्हणे. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, की मंडळी न भांडता भराभर एकमत करू शकते! घंटा आमची. वेदीवरचे पितळी दिवे आंतोनभाऊ आणणार होते, म्हणजे ते कॅथलिकांचे. पंखे सुनील पास्टरचे. अजून न आणलेल्या सतरंजीचेसुद्धा तीन भाग झाले. एका बैठकीत सगळं उरकलं, हसतखेळत, वर भजी खाऊन.

घरी येऊन यांना सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "म्हणजे फारकत झाली. आता लगन कधी हाय?"

त्या रात्री मी जेवले नाही. राग यांचा नव्हता, त्या भज्यांचा होता.

*

मग गुडघ्यांचा विषय आला. कॅथलिक मिस्सेत गुडघे टेकतात, म्हणून आंतोनभाऊंना बाकांच्या पायाशी आडव्या फळ्या ठोकायच्या होत्या. डॅनियलकाका खवळले. काकांनी ऐंशी ओलांडलेली, हातात काठी, पण आवाज असा की बाहेरची कुत्री उठून जातात.

"या बाकायले माह्या बापानं रंधा मारला हाय. एक खिळा लागू द्यायचा नाई मी. आन् देवापुढं माणसानं ताठ बसावं. आमच्यात गुडघे टेकत नाईत."

"आमच्यात टेकतात," आंतोनभाऊ म्हणाले.

"मंग टेका की. मले काऊन सांगता?"

दोन मीटिंगा यात गेल्या. सुनील पास्टर मध्येच म्हणाला की त्यांच्यात उभं राहतात, तेव्हा दोघांनी मिळून त्याला खाली बसवलं. शेवटी मी पट्टी आपटली, खरोखरची लाकडी पट्टी, आणि लिहिलं, "ज्यांना गुडघे टेकायचे असतील त्यांनी आपापली चटई आणावी." काकांनी पुढे जोडून घेतलं, "कोणावरही सक्ती नाही." ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

*

सह्यांचा दिवस उगवला. मला वाटलं, सुटले. पण शेवटी बसणाऱ्याला पहिला मान मिळतो, हे बायबलातलं वचन तिघांनीही लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे तिघांनाही सही शेवटी करायची होती!

"तुम्ही मोठे, तुम्ही आधी करा."

"छे छे, पास्टर, तुमचा मान."

"माह्याआधी आंतोनभाऊ."

पेन तिघांत फिरत राहिलं. एकमेकांना इतक्या नम्रपणे छळणारी माणसं मी पाहिली नव्हती. मी उठले आणि शाळेतल्या आवाजात म्हटलं, "ओळीत उभे राहा. उंचीप्रमाणे."

राहिले. बुटका पहिला, म्हणून आंतोनभाऊ. मग काका. मग सुनील, जो सहावीतसुद्धा रांगेच्या टोकालाच असायचा.

घरी आले. यांनी विचारलं, "झालं काय?"

"झालं," मी म्हटलं.  यांनी उठून कपाटातला पांढरा शर्ट काढला. त्या दिवशी मंगळवार होता.

*

पहिला रविवार. मी आमची उपासना उरकून यांना आणायला घरी गेले. यांचा हात धरून हळूहळू चर्चच्या दारात आले तर आत आमची मंडळी जिथल्या तिथे बसलेली. पंधरा मिनिटं कधीच होऊन गेलेली. कॅथलिक मागे भिंतीला लागून उभे, फादर वेदीपाशी तयार आणि पुढच्या बाकावर डॅनियलकाका ठाण मांडून.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, जागा रिकामी करायचं कलम."

"माहीत हाय. मीच लेहाले लावलं," काका म्हणाले आणि बाकावर सरकले. "फ्रान्सिस, या इकडं. इथून खांबाले टेकता येते."

मागचे कॅथलिकही मग मिळेल तिथे बसले. मिस्सा सुरू झाली. मधे एका वेळी छोटी घंटा वाजली आणि सगळे कॅथलिक चटयांवर गुडघ्यांवर गेले. आमची मंडळी ताठ बसून राहिली. हे बाकाची कड धरून उठायला लागले, अर्धे उठले आणि तसेच खाली बसले. मान खाली घातली. इतकी वर्षं बुलढाण्यापर्यंत जाऊन टेकलेले गुडघे, आणि घराजवळ मिस्सा आली तेव्हा वाकत नव्हते. मला रडू आलं.

काकांनी यांच्याकडे पाहिलं. आपली काठी यांच्या मांडीवर ठेवली.

"बसा तुम्ही," ते म्हणाले. त्यांचा हळू आवाजसुद्धा मागच्या भिंतीपर्यंत गेला. "तुमच्या वाटचे मी टेकतो."

आणि ऐंशी ओलांडलेला तो माणूस बापाच्या बाकाला धरून, चटईसुद्धा नसलेल्या फरशीवर खाली गेला.

पुन्हा घंटा झाली. सगळे उठले. काका उठेनात. एक हात आंतोनभाऊंनी धरला, ते पुरेना. दारात ढोलक घेऊन आपल्या वेळेची वाट पाहत असलेला सुनील पास्टर धावत आत आला आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं आधार दिला. फादर वेदीवर थांबून राहिले. दोघांच्या मधे अर्धवट लोंबकळत काकांनी मला शोधलं.

"बाई," ते म्हणाले, "टेकाचं कलम झालं. उठवाचं राह्यलं."