माळावरची पंगत

देवासला आमच्या गल्लीत गच्चीवर सोलर बसवणारा पहिला माणूस मीच. कारखान्यात सारा जन्म विजेच्या कामात गेलेला, त्यामुळे उन्हातून वीज निघते याचं मला नवल नव्हतं. ती आपल्या गच्चीवर निघते याचं मात्र फार होतं. शेजारपाजारचे ‘भिया’, म्हणजे भैया लोक, जिना चढून बघायला यायचे आणि मी त्यांना चहा पाजून मीटर दाखवायचो. म्हातारपणी मीच सोलरला नको म्हणायला ट्रॉलीत बसून धारला जाईन, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं धार जिल्ह्यात अमझेऱ्याजवळ हिच्या माहेरच्या गावी राहायला आलो. हिच्या भावाने घराला लागून जागा दिली, तिच्यावर दोन खोल्या बांधल्या. हिचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं, मग तलवार खुंटीला लावून शेतीला लागलेलं. पूजेला बसले की त्यांच्या तोंडून अशी जुनी मराठी निघते की मला अर्धी समजत नाही, आणि पूजा उरकून ओट्यावर आले की सगळी माळवी. माझे वडील नोकरीसाठी नगरकडून देवासला आलेले. गावाच्या लेखी मी जावई, म्हणून लहानथोर सगळे मला ‘पावणा’ म्हणत.

देवासच्या कॉलनीत ही फारशी बोलायची नाही. तिची माळवीमिश्रित मराठी ऐकून तिथल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. गावी आल्यावर मात्र वेगळीच बाई मला दिसायला लागली. इथल्या सुना अजूनही मोठ्या माणसांसमोर डोक्यावरून पदर ओढून घेतात, चार माणसांत तोंड उघडत नाहीत. पण ही सून नव्हती, गावची लेक होती. लेकीला घुंगट नाही. ती सरपंचालाही अरेतुरे करू शकते, आणि ही करायची.

गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे आणि तलावापलीकडे चरनोई, म्हणजे गायरान. आमच्या घरात तिला माळच म्हणतात. गवत, खाकऱ्याची म्हणजे पळसाची झाडं, मधूनमधून बोरी. सकाळी गावातली सगळी जनावरं तिथे जातात. ज्यांच्याकडे एक बिघाही जमीन नाही अशी बरीच घरं गावात आहेत, आणि खालच्या फळियात, म्हणजे वस्तीत, भिलांची घरं आहेत. त्यांचा संसार शेळ्यांवर आणि शेळ्यांचा संसार माळावर.

दिवाळीनंतर एक दिवस चौपालावर कंपनीचा माणूस आला. तरुण होता, सभ्य होता, सगळ्यांना हात जोडून बसला. त्याने मोबाईलवर निळ्या पाट्यांच्या लांबच लांब रांगा दाखवल्या. माळावर अशाच रांगा बसणार होत्या. रस्त्याला दिवे लागतील, पोरांना कामं मिळतील, तो सांगत गेला. “वैसे भी पड़ती जमीन है, काकाजी. किसी के काम की तो है नहीं.”

माझे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले भाऊ, माझ्याकडे वळले. “पावणा, तुम्ही विजेतले माणूस. तुम्ही सांगा.”

मी खरं तेच सांगितलं. धूर नाही, आवाज नाही, वाईट वस्तू नव्हे. मग मी त्या मुलाला विचारलं, “फेन्सिंग?”

“चारों तरफ. सुरक्षा के लिए जरूरी है.”

“नीचे घास?”

“वो तो कटवाते रहेंगे, सर. जानवर अंदर नहीं आएंगे.”

मागच्या बाजूला उभी असलेली, शेळ्या पाळणारी एक म्हातारी म्हणाली, “तो म्हारी बकरियां कां जायगी?” त्या मुलाने तिच्याकडे पाहिलं, हसला, आणि दिव्यांबद्दल पुन्हा बोलायला लागला.

घरी आल्यावर ही माझ्याशी बोलेना. ताट वाढलं, तेही आदळून. शेवटी मीच म्हणालो, “अगं, मी काय खोटं बोललो? आपल्या गच्चीवर नव्हतं का?”

“गच्ची आपली होती,” ती म्हणाली. “कोणाच्या तोंडचा घास काढून तर नव्हतं लावलं.”

“जमीन सरकारची आहे.”

“मग गवत कोणाचं? कंडे कोणाचे? सरकार येतं का शेण वेचायला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम जनावरांच्या मागे माळावर गेलो. इतके महिने गावात राहून मी तलावापर्यंतच फिरायला जात असे. त्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच बसलो. बायका कंड्यांसाठी, म्हणजे गोवऱ्यांसाठी, शेण गोळा करत होत्या, कोणी खाकऱ्याची पानं खुडत होतं, शेळ्या बोरींवर चढल्या होत्या. पड़ती जमीन म्हणजे काय, हे मला कारखान्यात कोणी शिकवलं नव्हतं. पण ही ती नव्हे, एवढं कळलं.

ग्रामसभा झाली ती चांगलीच तापली. सगळेच विरोधात होते असं नाही. एकाचा जेसीबी होता, त्याला खोदकाम मिळणार होतं. रस्त्याकडेला जमीन असलेल्या दोघातिघांना भाव वाढेलसं वाटत होतं. “विकास को ना बोलोगे तो हमेशा पीछे रहोगे,” जेसीबीवाला म्हणाला, आणि त्याचं सगळंच चूक नव्हतं. गावातली पोरं पीथमपूरच्या कारखान्यांत कामाला जाऊन थकून परततात, हे मीही बघत होतो.

सुना एका बाजूला पदर ओढून बसल्या होत्या. ही त्यांच्यात जाऊन बसली. एकीने तिच्या कानात काही सांगितलं, ही उठून ते मोठ्याने बोलली. मग दुसरीने, मग तिसरीने. “ही म्हणते, चौकीदाराच्या नोकऱ्या चार, आणि शेळ्यांची घरं किती ते मोजा. ही म्हणते, गॅस संपला की चूल पेटते ती माळाच्या कंड्यांवर. ही म्हणते, तिच्या सासऱ्याने मान हलवली तरी तिची हलणार नाही.” त्यावर सासऱ्यासकट सगळे हसले. हात वर झाले तेव्हा माळ द्यायचा नाही असंच ठरलं. माझाही हात वर होता. हिने तो पाहिला.

पण गावाने नाही म्हटलं म्हणून सरकारी जमीन अडत नाही. मंगळवारी धारला कलेक्टर कचेरीत गाऱ्हाणी ऐकायची जनसुनवाई असते, तिथे आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो. पुढे सरपंच, मागे आम्ही, आणि आमच्यामागे घुंगटातल्या सुना, ज्यांतल्या काही धारच्या बाजारापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. रांगेत बराच वेळ गेला. टेबलामागे बसलेले साहेब थकलेले दिसत होते, पण ऐकून घेत होते. सरपंचाचं बोलणं झाल्यावर ते म्हणाले, “रेकॉर्ड में तो ये पड़त है. कोई उपयोग नहीं. आप लोगों को सोलर से दिक्कत क्या है?”

“सोलर से नहीं है,” ही म्हणाली. “ये हमारे मिस्टर हैं, देवास में इनकी छत पे खुद का सोलर था. दिक्कत जगह से है. आप आके देख लो, साब. कागज पे कुछ नहीं दिखता.”

“निरीक्षण तो होगा ही.”

“तो खाने के टैम पे आना. वहीं दाल-बाफले बनाएंगे, माळ पे.”

साहेब हसले. आजूबाजूचे हसले. ते येतील की नाही ते काही बोलले नाहीत, पण परतताना ट्रॉलीत बायकांनी गाणी म्हटली, म्हणजे त्यांना ते आल्यासारखंच वाटलं होतं.

तपासणीचा दिवस कळला तो माघातला. मेहुण्यांचं म्हणणं होतं की नारे द्यावेत, काळे झेंडे दाखवावेत. हिने ऐकलं नाही. “दादा, नारे ऐकून ते गाडीतच बसतील. जेवायला बसलेला माणूस उतरतो.”

मग गाव कामाला लागलं. कोणत्या घरातून किती पीठ, किती डाळ, तूप कोणाकडून, सगळं हिनेच ओट्यावर बसून ठरवलं. अट एकच होती. जळण आणि पत्रावळ्या माळावरच्याच हव्यात, आणि रोजची जनावरं रोजच्यासारखीच आली पाहिजेत, कोणी बांधून ठेवायची नाहीत. सकाळी जाऊन बघतो तर कंड्यांचे लांब जगरे, म्हणजे भाजायचे आर, पेटलेले, मोठ्या पातेल्यांत हळदीच्या पाण्यात बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, उकळताहेत, उकळलेले निखाऱ्यांवर भाजताहेत. फळियातल्या बायकांनी मक्याचे पानिये आणले होते, पानांत गुंडाळून त्याच निखाऱ्यांत भाजायला. एरवी गावच्या जेवणाला त्यांचा जगरा वेगळा, लांब लागतो. त्या दिवशी हिने त्यांना हाताला धरून मधोमध आणलं. काही तोंडं वाकडी झाली, पण कोणी उठून गेलं नाही. मला वाटतं गावाने त्या दिवशी केलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं.

साहेब आले. कंपनीचा तो मुलगाही आला. साहेबांना गाडीतून उतरून चालतच यावं लागलं, कारण वाटेत म्हशी होत्या. येताना त्यांच्या बुटाला शेण लागलं, एका शेळीने त्यांच्या कारकुनाची फाईल हुंगली. ही पुढे होऊन एवढंच म्हणाली, “आओ साब, हाथ धो लो.”

पंगतीत ते सगळ्यांबरोबर जमिनीवर बसले. बाफला फोडून तूप ओतलं, डाळ वाढली. मग त्यांनी पत्रावळ उचलून पाहिली. “पत्तल यहीं बनते हैं?”

वाढायला एक सून उभी होती, पदर हनुवटीपर्यंत. हिने तिच्याकडे पाहिलं, पण या वेळी कान पुढे केला नाही. मग पदराआडून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. “पत्तल यां का, कंडा यां का, घी यां की गाय को. या जमीन पड़त है तो तमने अबी कईं खायो, साब?”

तिचा सासरा समोरच बसलेला होता. त्याने घास खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, “बरोबर बोली म्हारी लाडी!” लाडी म्हणजे सून. सगळी पंगत हसली. साहेबही हसले, आणि पुन्हा जेवायला लागले.

जेवण झाल्यावर मेहुणे आणि मी साहेबांना आणि त्या मुलाला रस्त्यापलीकडे घेऊन गेलो. तिथे बंद पडलेली दगडाची खदान आहे आणि तिच्या मागे मुरमाचा उतार. गवताची काडी उगवत नाही, जनावर फिरकत नाही, आणि उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे. मी त्या मुलाला म्हणालो, “बेटा, सोलर लगाना है तो इससे अच्छी जगह नहीं मिलेगी.” आठवडाभर तिथे उन्हात फिरून मी सावली कुठे पडते ते पाहिलं होतं. तो खरंच लक्ष देऊन बघत राहिला. मग म्हणाला, “सर, एरिया कम पड़ेगा.”

ही मागून आलेली मला कळलंच नव्हतं. “कम पड़ेगा तो कम लगाओ,” ती म्हणाली.

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मधे कोणी म्हणायचं माळ गेलाच, कोणी म्हणायचं कंपनीच पळाली. सरपंच धारला जाऊन येई आणि खांदे उडवी. जेसीबीवाला आणि मेहुणे एकमेकांशी बोलत नव्हते. दसरा गेल्यावर पक्कं कळलं की माळ सोलरच्या जागांच्या यादीतून निघाला आहे. खदानीच्या उतारावर थोड्या पाट्या बसतील, बाकीचं काम दुसरीकडे. त्या संध्याकाळी मेहुणे जेसीबीवाल्याच्या घरी पेढे घेऊन गेले. खदान सपाट करायचं काम आता त्यालाच मिळणार होतं.

मला मात्र ‘दुसरीकडे’ हा शब्द खुपत होता. ते दुसरीकडे म्हणजे कुठे, ते महिन्याभरात समजलं. धामनोदच्या बाजूच्या एका गावातून दोन बायका बसने आल्या. त्यांच्याही गावाला चरनोई होती, आणि तिथेही कोणी हात जोडून, मोबाईलमधले फोटो दाखवून गेलं होतं. ही त्यांच्याशी दुपारभर ओट्यावर बोलत बसली. तुमच्याकडे मुरूम कुठे आहे, खदान आहे का, हेच ती पुन्हापुन्हा विचारत होती. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावी बैठक होती. त्यांनी तिला बोलावलं.

मीच तिला मोटरसायकलवरून घेऊन गेलो. शाळेच्या आवारात सतरंज्या टाकल्या होत्या. ही पुढे उभी राहिली आणि बोलायला लागली, थोडं हिंदी, थोडं माळवी, आणि जोरात आली की मराठी. पंगतीत बोललेली आमच्या गावची ती सूनही आली होती, सासऱ्याबरोबर. तिचा पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. देवासच्या कॉलनीतल्या बायका तिथे असायला हव्या होत्या, असं मला सारखं वाटत होतं.

मी मागे पुरुषांत बसलो होतो. शेजारच्या माणसाने बिडी विझवत विचारलं, “भिया, ये बाई कुण है? नेता है कईं?”

“नी,” मी म्हणालो. “म्हारी घरवाली है.”

त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि बसायला थोडी जास्त जागा करून दिली.