खणातला वस्तरा

दारू पीत होता तेव्हा लोक त्याला 'टाकी' म्हणायचे. सोडली तसे 'महाराज' म्हणायला लागले. धड माणूस म्हणून हाक मारायला कोणाची जीभ वळत नाही, त्याला तो तरी काय करणार? विचारलं तर म्हणतो, "टाकीपेक्षा महाराज बरं. टाकी गळते."

धंदा केस कापायचा. दुकानात खुर्च्या दोन, त्यातली एक मोडकी, तिच्यावर टॉवेलांची चळत. भिंतभर आरसा. मागं पडदा, पडद्यामागं राहायची खोली आणि खोलीत बायकोचं शिलाई मशीन. दिवसभर पुढं कात्री चालते, मागं मशीन. मशीन मध्येच थांबलं की समजायचं, बाई पुढचं बोलणं ऐकतेय.

ही गोष्ट दारू सोडून अकरा महिने झाले तेव्हाची. केस कापायला गिऱ्हाईक परतलं होतं, पण दुकानात दाढी होत नव्हती. वस्तराच नव्हता. बापाच्या हातचा तो लांब पात्याचा वस्तरा बायकोनं मशीनच्या खणात कुलूपबंद करून ठेवला होता, आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

असं का, ते सांगायला तीन वर्षं मागं जावं लागतं. मेहुण्याचं लग्न होतं. सकाळी सासरे दाढीला बसले. सासरे म्हणजे जन्मभर रस्त्याचा रोलर चालवलेला माणूस. घाई त्यांना ठाऊक नाही, पण एकदा ज्या बाजूला निघाले त्या बाजूलाच जाणार. जावई सकाळी सकाळीच दोन घोट मारून आलेला. सासऱ्यांनी विचारलं, "जमेल ना रे?" यानं हात पुढं केला. "मामा, हात बघा. खांब आहे खांब."

पुढच्याच मिनिटाला खांबानं कानाच्या पाळीचा तुकडा उडवला. लग्नाच्या एकूण एक फोटोत सासरे कानाला कापसाचा बोळा लावून उभे आहेत. बघणाऱ्याची नजर नवरीच्या आधी बोळ्यावर जाते.

तेव्हापासून सासरे दाढीला पार बाजारापलीकडं जायला लागले. लेकीला भेटायचे ते मागच्या दारानं. जावयानं दारू सोडल्यावरही दार बदललं नाही.

सोडली त्याच आठवड्यात बायकोनं खणाला कुलूप घातलं. म्हणाली, "ज्याचा कान कापलात तो माणूस आपल्या पायानं खुर्चीत येऊन बसला, की खण उघडेन. तोवर कात्रीवर भागवा."

"अगं, मामा या जन्मात यायचे नाहीत."

"मग जन्मभर केस कापा. लोकांना केस काय कमी आहेत?"

यानं शब्द दिला. देताना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

दर मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात दारू सोडलेल्यांची बैठक भरते. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसतात. तिथं एक म्हातारे पोस्टमन येतात, सोडून एकोणीस वर्षं झालेले. त्यांनी याला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "आपल्यापेक्षा मोठं काहीतरी धर. एकट्यानं ओढायचं गाडं नाही हे."

"मला देवाचं जमत नाही. लहानपणापासून आमचं येणं-जाणं नाही."

"मग दुसरं काही शोध. पण तुझ्याहून मोठं पाहिजे, आणि तुझं न ऐकणारं पाहिजे."

"न ऐकणारं घरातच आहे."

"बायको सोडून," पोस्टमन म्हणाले.

तो शोधत राहिला. आभाळ बघितलं, ते फार लांब वाटलं. मग एका सकाळी प्लास्टिकच्या रेझरनं स्वतःची दाढी करत होता (कारागिराच्या हातात प्लास्टिकचं रेझर म्हणजे पैलवानाच्या हातात खुळखुळा) आणि गालावरून हात फिरवताना त्याच्या ध्यानात आलं: काल हा गाल गुळगुळीत केला होता. आज पुन्हा खरखरीत. रात्रभर आपण झोपलो होतो. मग ही वाढवली कोणी?

"मी तर नाही वाढवली," तो मंगळवारी बैठकीत म्हणाला. "मी नको म्हटलं असतं तरी वाढली असती. राजाची वाढते, भिकाऱ्याची वाढते. जो कोण ती वाढवतो, तो माझ्याहून मोठा. आणि दारूची तलफ तशीच आहे. मला वाटायचं, एकदा मुळापासून खरवडली की संपलं. तसं नसतं. आज काढायची, उद्या पुन्हा आहेच. उद्याची आज काढता येत नाही."

वर्गात कोणी हसलं नाही. पोस्टमन तेवढे म्हणाले, "बायकांचं कसं मग?"

"त्यांचं त्या बघतील. मी माझ्या गालापुरतं बोलतो."

तेव्हापासून शटर उघडायच्या आधी तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत दोन मिनिटं बसतो. आरशात स्वतःकडं बघतो आणि म्हणतो, "तू वाढवत राहा, मी काढत राहतो." एवढीच प्रार्थना. मग झाडू घेतो.

पण माणूस एवढ्यानं सुधारत नसतो. दहाव्या महिन्यात त्यानं माती खाल्ली. बाटलीची नव्हे, वस्तऱ्याची. बाजारातून नवा वस्तरा आणला आणि टॉवेलांच्या चळतीखाली दडवला. बायको कपडे पोचवायला बाहेर पडली की एखादी दाढी उरकायची, असा बेत. दारू तर नव्हे ना ही, मनाशी म्हणाला. हत्यार आहे धंद्याचं.

तीन दिवस वस्तरा तिथं पडून राहिला. एकही दाढी केली नाही, पण तीन दिवस त्याचं लक्ष त्या चळतीवर. बायको टॉवेल उचलायला आली की हा पुढं होऊन वरचे चार स्वतःच काढून देणार. चौथ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसला आणि ते नेहमीचं वाक्य तोंडातून निघेना. हीच चळत होती, बाटली हिच्याखालीच असायची. बाटली गेली, पण लपवायचं ठिकाण हातानं बरोबर ओळखलं होतं.

तो उठला, वस्तरा काढला आणि आत जाऊन मशीनवर ठेवला.

बायकोनं वस्तऱ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "किती जणांच्या केल्या?"

"एकाचीही नाही."

"खरं?"

"खोटं बोलायचं असतं तर आणून दिला असता का?"

"तुमचा काही नेम नाही," ती म्हणाली आणि तोही खणात टाकून कुलूप घातलं. पण त्या दिवशी मशीन बराच वेळ चाललं नाही.

हे तिनं मागच्या दारी बापाला सांगितलं. बाप "हं" म्हणाला. रोलरच तो, तापायला वेळ लागतो. चांगले सहा आठवडे गेले.

मग एका सकाळी सासरे पुढच्या दारानं आले. दुकानात तेव्हा एक नळजोडणारा आणि एक रिक्षावाला बसलेले. सासरे त्यांच्या मधून वाट काढत पुढं आले. सरळ खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली. "दाढी."

मशीन थांबलं. पडदा हलला. बायको गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन बाहेर आली, जुना वस्तरा तिनं आरशाखालच्या फळीवर ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"महाराज, देव आले आज," रिक्षावाला म्हणाला. नळजोडणाऱ्यानं त्याला कोपर मारलं.

यानं टॉवेल बांधला. गरम पाण्यानं गाल शेकले, ब्रशनं फेस चढवला. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर वीस वेळा ओढला. तो आवाज वर्षभरात दुकानात झाला नव्हता. मग डाव्या हातानं सासऱ्यांच्या गालाची कातडी ताणली, वस्तरा जवळ नेला, आणि पात्याचं टोक हलताना दिसलं. त्यानं हात मागं घेतला, बोटं चोळली, पुन्हा नेला. पुन्हा तेच.

सासऱ्यांनी डोळे मिटलेले होते. त्यांना काही दिसत नव्हतं. फटकन दोन हात मारून मोकळं होता आलं असतं. बहुधा झालीही असती नीट. अकरा महिने ज्या घडीची वाट बघितली ती समोर बसली होती, आणि ती पुन्हा येईल याचा कोणी शब्द दिला नव्हता.

त्यानं वस्तरा मिटून फळीवर ठेवला. "मामा, हात थरथरतोय. प्यालेलो नाही, भीती वाटतेय. आज मी करत नाही."

यानं ओल्या टॉवेलनं त्यांच्या गालावरचा फेस पुसला, अगदी कानामागचासुद्धा. सासरे उठले, टोपी घातली आणि पडदा सारून आत गेले. मागोमाग लेक.

पडद्याला कान नसतात, पण त्यातून सगळं ऐकू येतं.

"गेलं ना हातचं!" बायको रडवेली झाली होती. "एवढे बसलात, आणि यांनी घालवलं."

"काय घालवलं? त्या दिवशी मला म्हणाला, खांब आहे. आज म्हणतो, थरथरतोय. यातलं कोणतं बरं, तूच सांग." आणि पुढं, "ती किल्ली काढ गळ्यातली. मला सकाळी बाजारापलीकडं चालवत नाही आता. गुडघे गेले."

दुसऱ्या दिवशी शटर अर्धंच वर गेलं होतं तेव्हा सासरे दारात हजर. यानं हात पुढं धरून बघितला. थोडा हलत होता, पण कालच्याइतका नाही. तसं त्यांना सांगितलं.

"मग सावकाश कर. मला कुठं रस्ता करायला जायचंय?"

त्यानं उजवा गाल सावकाश केला. गालावर एक पट्टा काढायचा, पातं पुसायचं, श्वास घ्यायचा, पुढचा पट्टा. उजवा गाल संपला तेव्हा हाताचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. डाव्या बाजूला वळला तर सासऱ्यांची मान कलंडलेली, तोंड उघडं, आणि घोरणं सुरू.

झोपलेल्याच्या गालाला पातं लावायचं नाही. माणूस दचकून जागा होतो. बापानं शिकवलेली पहिली गोष्ट ती. त्यानं वस्तरा मिटला आणि स्टुलावर बसला. तोवर दोन गिऱ्हाइकं आली.

"महाराज, उठवा की त्यांना. मला कामाला जायचंय."

"जा की मग. केस काय पळून जातायत?"

गिऱ्हाईक बडबडत बाकावर टेकलं. आत मशीन सुरू झालं. सासऱ्यांच्या डाव्या गालावरचा साबण वाळून पांढरा पापुद्रा झाला होता. त्यानं उठून भांड्यातलं पाणी बदललं, गरम घेतलं, आणि ब्रश भिजत ठेवला.