डावा कौल

हापूसच्या पेटीतल्या पेंढ्याचा वास आला की मला तो बागायतदार आठवतो, अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलातला. आमच्या भागात पोट कापणारी बाई मी एकटीच, त्यामुळे लोक जत्रेतलं काहीतरी बघावं तसे मला बघून जात आणि ऑपरेशनला कोल्हापूर गाठत. याला तेवढा वेळच नव्हता. हर्निया अडकलेला, आतडं काळं पडायच्या बेतात, तरी सही कर म्हटलं तर म्हणे, भाऊ येऊ दे. आणि भाऊ कुठे, तर गावच्या देवळात पाषाणाला फुलं चिकटवून कौल लावायला गेलेला! दोन तासांनी उगवला. "देवानं डावा कौल दिलान हो बाई. नको म्हणतो." मी म्हटलं, "विचारलंत काय देवाला?" "बाईमाणसानं कापलेलं चालेल काय, म्हणून." "मग आता परत जा आणि विचारा, भाऊ मेलेला चालेल काय!" तेव्हा कुठे सही झाली. वीतभर आतडं काढलं, माणूस जगला. पुढच्या मोसमापासून दरवर्षी पेटी येते. वर लिहिलेलं असतं 'डॉक्टरसाहेबांस', आणि खाली माझ्या नवऱ्याचं नाव. नवरा हायस्कुलात भूगोल शिकवायचा, कोणी कोंबडी कापताना दिसलं तरी मटकन खाली बसायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेराव्याला हे दोघे भाऊ आमच्या पंगतीत पोटभर जेवून गेले. आज सकाळी यंदाची पेटी आली. वर नाव त्याचंच आहे.